तापमान आणि कृत्रिम हिऱ्यातला प्रकाश

कृत्रिम हिरा म्हणजे नकली हिरा नव्हे. काच किंवा झिर्कोनिया हिऱ्यासारखे लखलखतात, पण त्यांत कार्बन नसतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यात मात्र कार्बनचेच अणू असतात आणि खाणीतल्या हिऱ्याप्रमाणेच त्यातला प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. दोन शेजाऱ्यांमधले अंतर दोन्ही हिऱ्यांत ०.१५४ नॅनोमीटरच भरते. त्यामुळे अपवर्तनांक, पारदर्शकता, पैलूंमधून उधळणारे रंग या बाबतीत शुद्ध कृत्रिम हिरा आणि शुद्ध नैसर्गिक हिरा यांत फरक नाही. फरक असतो तो शुद्धतेत राहिलेल्या उणिवांचा, आणि त्या उणिवा तापमान बदलले की उघड होतात. हिऱ्यातल्या अणूंची जाळी उष्णतेला फारशी दाद देत नाही. दाद देतात ते जाळीतले दोष. या प्रकरणातले सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

हिरा तयार करण्याच्या पद्धती दोन. पहिली उच्च दाब आणि उच्च तापमानाची. तिला बाजारात ‘एचपीएचटी’ म्हणतात. वितळलेल्या लोखंड, निकेल किंवा कोबाल्टमध्ये ग्रॅफाइट विरघळते आणि वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाबाखाली, १३०० ते १६०० अंश सेल्सियसला हिऱ्याच्या बीजावर कार्बन बसत जातो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ट्रेसी हॉल यांनी डिसेंबर १९५४ मध्ये असा हिरा मिळवला. स्वीडनच्या आसेआ कंपनीने त्याआधी १९५३ मध्येच तो बनवला होता, पण गुपित ठेवला होता. दुसरी पद्धत बाष्पाची, म्हणजे ‘सीव्हीडी’. हिऱ्याची पातळ चकती बीज म्हणून ठेवायची, तिच्यावर हायड्रोजन आणि थोडासा मिथेन सोडायचा आणि सूक्ष्मलहरींनी वायूचा झगमगता प्लाझ्मा करायचा. ७०० ते १२०० अंशांना चकतीवर थरामागून थर चढतो. अमेरिकेत विल्यम एव्हरसोल यांनी १९५२ च्या सुमारास या वाटेने हिरा वाढवून दाखवला होता. १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी ती पद्धत व्यवहारात आणली. भारतात आज या दुसऱ्या पद्धतीचा बोलबाला आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बीजांवरचे सीमाशुल्क रद्द झाले आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांच्या संशोधनासाठी आयआयटी मद्रासला पाच वर्षांसाठी सुमारे २४२ कोटी रुपये मंजूर झाले.

हिऱ्याची जाळी उष्णतेला दाद का देत नाही? घन पदार्थातले अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात आणि पदार्थ तापला की ही थरथर वाढते. ती पुरती मोकळी व्हायला किती तापमान लागते, याचा अंदाज डिबाय तापमान नावाच्या राशीवरून येतो. शिशासाठी ते सुमारे १०० केल्विन, तांब्यासाठी सुमारे ३४० केल्विन आहे. हिऱ्यासाठी मात्र २००० केल्विनच्या आसपास. कार्बनचा अणू हलका आणि बंध अतिशय ताठ, म्हणून हा आकडा इतका मोठा. विदर्भातल्या गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, म्हणजे ३१८ केल्विनवर जातो, तेव्हा तांब्याची तार पुरेपूर थरथरत असते. हिऱ्याच्या दृष्टीने मात्र तो कडाक्याचा हिवाळाच असतो. त्याच्या बहुतेक कंपनांना अजून जागच आलेली नसते.

याचा परिणाम अपवर्तनांकावर स्पष्ट दिसतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात हिऱ्याचा अपवर्तनांक २.४१७ आहे. एका अंशाने तापमान वाढले की तो साधारण एक लाखांश इतकाच वाढतो. गोंदियात हिवाळ्याच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी पंचेचाळीसला टेकतो, म्हणजे वर्षभराचा पल्ला पस्तीस-चाळीस अंशांचा. एवढ्या पल्ल्यात अंगठीतल्या हिऱ्याचा अपवर्तनांक २.४१७० वरून २.४१७४ च्या जवळपास सरकतो. चौथ्या दशांश स्थळावरचा हा बदल डोळ्याला कधीच जाणवणार नाही. रंगांची उधळण ठरवणारे अपस्करण ०.०४४ आहे, तेही जवळजवळ तसेच राहते.

इथे एक कोडे आहे. तापला की पदार्थ प्रसरण पावतो, अणू विरळ होतात, तेव्हा अपवर्तनांक कमी व्हायला हवा. हिऱ्यात तो वाढतो. या प्रश्नाचा कसून विचार भारतातच झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रमण यांचे विद्यार्थी जी. एन. रामचंद्रन यांनी १९४७ मध्ये हिऱ्याच्या उष्मा-प्रकाशीय वर्तनावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना शोधून जगभर नाव झालेले ते हेच रामचंद्रन. उत्तर असे, की हिऱ्यात प्रसरणाचा वाटा नगण्य असतो. खोलीच्या तापमानाला एका अंशामागे लांबी दहा लाखांत एक भागानेच वाढते. याउलट, तापमान वाढले की अतिनील भागातल्या ज्या वारंवारितांना हिरा प्रकाश शोषतो त्या किंचित खाली, दृश्य प्रकाशाकडे सरकतात, आणि त्या जवळ आल्या की अपवर्तनांक वर जातो. दुसरा परिणाम पहिल्यावर मात करतो.

अतिनील भागातली ती शोषणाची सीमा २२५ नॅनोमीटरच्या जवळ आहे. तिच्या अलीकडच्या तरंगलांबीला शुद्ध हिरा अपारदर्शक, पलीकडे स्वच्छ. इलेक्ट्रॉनला बंधातून सुटून मोकळे फिरण्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजे हिऱ्याचे ऊर्जा-अंतर, खोलीच्या तापमानाला ५.४७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. अगदी थंडीत ते ५.४९ पर्यंतच चढते. क्लार्क, डीन आणि हॅरिस यांनी १९६४ मध्ये द्रवरूप हवेच्या थंडीपासून भट्टीच्या उष्णतेपर्यंत ही सीमा मोजली. खोलीच्या तापमानाखाली ती जवळजवळ स्थिर राहते आणि काहीशे अंश तापल्यावर लांब तरंगलांबीकडे हळूहळू सरकते.

जाळी थंडीने गोठली तरी अणू पूर्ण थांबत नाहीत. पुंज यांत्रिकीनुसार निरपेक्ष शून्यालाही थोडी थरथर उरतेच आणि तीही ऊर्जा-अंतराला खाली ओढते. हे पडताळण्यासाठी जड अणूंचा हिरा हवा होता, कारण जड अणू कमी थरथरतो. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ हा जड प्रकार जेमतेम १.१ टक्के असतो. निव्वळ कार्बन-१३ चा हिरा कोणत्याच खाणीत सापडायचा नाही. प्रयोगशाळेने तो बनवला. १९९० मध्ये कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा त्याचे ऊर्जा-अंतर साध्या हिऱ्यापेक्षा सुमारे १४ सहस्रांश इलेक्ट्रॉन-व्होल्टने जास्त भरले. कृत्रिम हिऱ्याचे खरे मोल अशा ठिकाणी दिसते. निसर्गाने न ठेवलेला नमुना हवा तसा घडवता येतो.

अवरक्त भागातली गोष्ट निराळी आहे. हिऱ्यातले सगळे अणू एकाच जातीचे आणि रचना सममित, त्यामुळे जाळीचे एकेकटे कंपन प्रकाश शोषू शकत नाही. दोन किंवा तीन कंपने एकत्र आली तरच शोषण होते, आणि ते सुमारे अडीच ते साडेसात मायक्रॉनच्या पट्ट्यात होते. त्यापुढे हिरा पुन्हा स्वच्छ होतो. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रॉनचा प्रकाश याच मोकळ्या भागात येतो. जर्मेनियमही या भागात पारदर्शक आहे, पण शंभर अंशांच्या आसपास तापला की त्यात इलेक्ट्रॉन मोकाट सुटतात आणि तो प्रकाश गिळू लागतो. हिऱ्याचे ऊर्जा-अंतर मोठे असल्याने त्याच्यावर ही वेळ येत नाही. झिंक सेलेनाइडच्या भिंगाशी तुलनाही बोलकी आहे. त्याचा अपवर्तनांक अंशामागे हिऱ्याच्या पाच-सहापट वेगाने बदलतो, आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता हिऱ्याच्या शंभराव्या भागाएवढीही नसते. शक्तिशाली लेसरची शलाका भिंगाच्या मध्यभागी उष्णता सोडते, मध्य फुगतो, अपवर्तनांक बदलतो आणि शलाका विस्कटते. हिऱ्याच्या खिडकीत ती उष्णता तत्काळ कडेला निघून जाते, कारण खोलीच्या तापमानाला हिरा तांब्याच्या पाचपट उष्णता वाहतो. निव्वळ कार्बन-१२ चा कृत्रिम हिरा तर साऱ्यांवर ताण करतो. जवळजवळ शुद्ध कार्बन-१२ च्या स्फटिकाची १९९३ मध्ये मोजलेली उष्णतावाहकता १०४ केल्विनला ४१,००० वॉट प्रति मीटर-केल्विन होती. तांब्याची साधारण ४०० असते.

अशा खिडकीची सर्वांत कठोर परीक्षा शुक्रावर झाली. १९७८ मध्ये नासाच्या पायोनिअर व्हीनस मोहिमेतल्या मोठ्या शोधयानाच्या अवरक्त उपकरणासमोर १८.२ मिलिमीटर व्यासाची, साडेतेरा कॅरटची हिऱ्याची चकती बसवली होती. अंतराळातला गारठा, मग ४६० अंशांकडे तापत जाणारे, आम्लाच्या ढगांचे वातावरण, आणि तरीही अवरक्त प्रकाश आत येऊ देणारा पदार्थ हिऱ्यावाचून मिळेना. तो हिरा नैसर्गिक होता. एवढा मोठा आणि निर्मळ खडा शोधावा लागला. आज याहून कितीतरी मोठ्या चकत्या सीव्हीडी पद्धतीने वाढवतात.

वरची मर्यादा मात्र हिऱ्यालाही आहे. हवेत सुमारे ७०० ते ८०० अंशांना त्याचा पृष्ठभाग जळू लागतो आणि पॉलिश धुरकट होते. निर्वात जागेत तो आणखी तग धरतो, पण दीड हजार अंशांच्या पुढे ग्रॅफाइटमध्ये बदलू लागतो, आणि ग्रॅफाइट काळे. सराफ दागिन्याला डाग देताना ज्योत खड्याजवळ न नेण्याची काळजी घेतो, ती यासाठीच.

जाळीची थरथर थेट मोजायचे साधन रमण यांच्याच नावाचे आहे. १९२८ मध्ये त्यांनी जो परिणाम शोधला त्याची सर्वांत नेटकी रेषा हिऱ्यातच मिळते. हिऱ्यावर एकरंगी प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशात मूळ रेषेपासून प्रति सेंटिमीटर १३३२ तरंगसंख्या दूर एक टोकदार रेषा उमटते. बंगळूरच्याच आर. एस. कृष्णन यांनी १९४६ मध्ये ही रेषा तापमानानुसार कशी सरकते ते मोजले. हिरा तापतो तशी ती खाली उतरते आणि रुंद होते. खोलीच्या तापमानाजवळ हे सरकणे अंशामागे एका तरंगसंख्येच्या जेमतेम शंभराव्या भागाइतके असते, भट्टीच्या उष्णतेत त्याहून वेगवान. त्यामुळे स्पर्श न करता तापलेल्या हिऱ्याचे तापमान रेषेच्या जागेवरून सांगता येते.

इथवरचे वर्णन निर्मळ हिऱ्याचे झाले. प्रत्यक्षातल्या हिऱ्यात नायट्रोजन, बोरॉन, सिलिकॉनचे अणू घुसलेले असतात, काही जागा रिकाम्या असतात, आणि असा प्रत्येक दोष ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतो किंवा सोडतो. रमण यांचा या प्रश्नाशी दीर्घ झगडा झाला. काही हिरे अतिनील प्रकाश अडवतात, काही नाही, यामागे जाळीच्या सममितीतलाच फरक असावा, असे त्यांचे ठाम मत होते. ते टिकले नाही. १९५९ मध्ये कायझर आणि बाँड यांनी दाखवले की फरक नायट्रोजनचा आहे. पण या वादापायी बंगळूरला हिऱ्यांवर जी मोजमापे झाली ती टिकली, आणि त्यांतली एक मालिका महाराष्ट्राशी पुढे जोडल्या गेलेल्या संशोधिकेची आहे.

अण्णा मणी १९४० मध्ये रमण यांच्या प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी तीसहून अधिक हिऱ्यांची प्रतिदीप्ती आणि शोषण तपासले. हिरा द्रवरूप हवेत बुडवून ठेवायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि निघणारा क्षीण उजेड वर्णपटमापकातून छायाचित्राच्या काचेवर घ्यायचा. काही हिऱ्यांचा उजेड इतका मंद असे की एका काचेला पंधरा ते वीस तास लागत. अनेकदा रात्र प्रयोगशाळेतच जाई. मद्रास विद्यापीठाने एम.एस्सी. पदवी नसल्याच्या कारणावरून त्यांना पीएच.डी. नाकारली. हा अन्याय होता, असेच म्हणावे लागते. १९४८ पासून त्या पुण्याच्या हवामान खात्यात होत्या आणि भारतीय बनावटीची हवामान-उपकरणे उभी करण्याचे मोठे काम त्यांनी तिथे केले.

हिरा थंड का करायचा, याचे उत्तर दोष आणि जाळी यांच्या नात्यात आहे. दोषातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली येतो तेव्हा त्याची ऊर्जा प्रकाशात जाते, पण काही वाटा आसपासच्या जाळीला हलवण्यात खर्च होतो. जाळीला अजिबात न हलवता सुटलेला प्रकाश एकाच ठरावीक तरंगलांबीवर येतो. तिला शून्य-फोनॉन रेषा म्हणतात. खोलीच्या तापमानाला थरथरीमुळे ही रेषा पसरते आणि शेजारच्या रुंद पट्ट्यात मिसळून जाते. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांना ती सुईसारखी उभी राहते. नैसर्गिक हिऱ्यांतली ४१५ नॅनोमीटरची, नायट्रोजन आणि रिकाम्या जागेच्या जोडीची ५७५ आणि ६३७ ची, सिलिकॉनची ७३७ च्या आसपासची, अशा रेषांवरून दोष ओळखता येतात. सिलिकॉनची रेषा थंडीत ७३६.६ आणि ७३६.९ अशी दुपेडी दिसते, आणि हेलियमच्या थंडीत तिचे चार धागे वेगळे होतात.

सिलिकॉनची रेषा व्यवहारात फार मोलाची आहे. सीव्हीडी भट्टीच्या काचेतला सिलिकॉन प्लाझ्मामुळे खरवडला जातो आणि वाढत्या हिऱ्यात शिरतो. नैसर्गिक हिऱ्यात तो क्वचितच सापडतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्सच्या परिसरात हिऱ्यांची प्रचंड उलाढाल होते, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळांची अचूक निदानाची शिस्त याच थंड वर्णपटावर उभी आहे. खडा छोट्या भांड्यात ठेवतात, वरून द्रवरूप नायट्रोजन ओततात. तो आधी जोरात उकळतो, खडा गार झाला की शांत होतो. मग लेसरचा ठिपका खड्यावर नेमून वर्णपट घेतात.

गोंदियासारख्या गावातल्या सराफाकडे हे काही नसते. त्याच्याकडे असते पेनासारखे परीक्षक यंत्र, ज्याचे तापलेले टोक खड्याला लावले की खडा उष्णता किती झपाट्याने ओढतो ते कळते. काच आणि झिर्कोनिया त्याला लगेच सापडतात. पण कृत्रिम हिरा खाणीतल्या हिऱ्याइतकीच उष्णता ओढतो, त्यामुळे हे यंत्र दोघांनाही हिरा म्हणते, आणि बरोबरच म्हणते. खाण की प्रयोगशाळा, हे विचारायचे असेल तर खड्याच्या कमरेवर कोरलेला क्रमांक आणि प्रमाणपत्र पाहण्यावाचून तिथे पर्याय नाही.

खाणीतल्या हिऱ्याचे दोष वेगळे असण्यामागेही तापमानच आहे. गोंदियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात वैरागड आहे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. कोणत्याही खाणीतला हिरा जमिनीखाली शंभराहून अधिक किलोमीटरवर, हजार अंशांच्या आगेमागे, कोट्यवधी वर्षे राहिलेला असतो. एवढ्या काळात सुटे नायट्रोजन अणू जाळीतून सरकत सरकत जोड्या आणि गट करतात. गटातला नायट्रोजन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही, म्हणून असे हिरे बहुधा पांढरे दिसतात. एचपीएचटी हिरा काही दिवसांत तयार होतो. त्यात नायट्रोजन शिरला तर तो सुटाच राहतो, निळा प्रकाश गिळतो आणि खडा पिवळा होतो. सीव्हीडी हिऱ्यात पुष्कळदा तपकिरी छटा येते. ती घालवायला त्याला पुन्हा दाबाखाली दीड-दोन हजार अंशांपर्यंत तापवतात. खड्याचा रंग त्याने सोसलेल्या उष्णतेचा असा पुरावा देतो.

रंगहीन एचपीएचटी हिऱ्याची आणखी एक खूण अंधारात दिसते. अतिनील दिवा विझवल्यावरही तो काही सेकंद, कधी मिनिटभर, निळसर उजळत राहतो. यामागे बोरॉन असतो. दिव्याने सुटे झालेले विद्युतभार बोरॉनपाशी अडकतात आणि उष्णतेच्या हिसक्याने ०.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा उंबरा ओलांडून सुटतात. सुटताना प्रकाश मिळतो. खडा गरम असेल तर उजेड लवकर विझतो. नायट्रोजनमध्ये गोठवला तर भार अडकूनच राहतात आणि उजेड जवळजवळ नाहीसा होतो. अधिक खोल अडकलेले भार तापवल्यावरच सुटतात, आणि तेव्हा निघणाऱ्या प्रकाशावरून हिऱ्याने किती किरणोत्सार सोसला ते कळते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे कर्मचारी छातीवर लावतात त्या बिल्ल्यांत हेच तत्त्व कॅल्शियम सल्फेटच्या पट्टीतून वापरतात. हिरा याच कामाला अधिक सोयीचा ठरतो, कारण कार्बन शरीराच्या ऊतींच्या जवळपास तसाच किरण शोषतो. अडचण होती ती प्रत्येक नैसर्गिक हिरा वेगळा निघण्याची. एकसारखे सीव्हीडी हिरे मिळू लागल्यावर ती बरीच हलकी झाली.

नायट्रोजन आणि रिकाम्या जागेची जोडी, जिला संशोधक ‘एनव्ही केंद्र’ म्हणतात, तापमानाची सर्वांत बारीक नोंद ठेवते. तिच्यावर हिरवा लेसर टाकला की ती लाल प्रकाश देते. त्याच वेळी २.८७ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडल्या की लाल प्रकाश एकदम मंदावतो. खोलीच्या तापमानाजवळ ही वारंवारिता दर अंशामागे ७४ किलोहर्ट्झने खाली सरकते. चुंबकीय क्षेत्र असेल तर ही मंदावण्याची जागा दोन बाजूंना फाकते. तापमान बदलले तर संपूर्ण जोडीच सरकते. त्यामुळे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचता येतात. २०१३ मध्ये हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण जिवंत पेशीत घालून त्यांच्याकरवी पेशीच्या आतले तापमान मोजले गेले. मुंबईच्या आयआयटीत अशा केंद्रांचा उपयोग चुंबकीय क्षेत्राचे नकाशे काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी होतो आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मोजमाप या विषयाचे केंद्रही २०२४ मध्ये तिथेच ठरले. ज्या पट्टीने एनव्ही मोजते ती सर्वत्र सारखी नसते. शंभर केल्विनच्या खाली वारंवारिता जवळजवळ स्थिर होते आणि तापमापक मुका होतो. वरच्या टोकाला, सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या पुढे, लाल प्रकाशच क्षीण होत जातो, कारण इलेक्ट्रॉन प्रकाश न देता उष्णतेच्या वाटेने खाली उतरू लागतात. हिरा त्या तापमानाला अजून शाबूत असतो, पण त्याच्यातल्या केंद्राची उपयुक्तता तिथे ओसरू लागते.